उद्यानाखाली गेलेल्या खाजणाची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्यांना कशी सांगावी?

बांधावरचा (बेलापूर पट्टी)

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळी चालून झाल्यावर उद्यानातल्या बाकावर टेकलो होतो. समोरून एक बाप-लेक आले. पोरगा सात-आठ वर्षांचा असेल. त्याने विचारलं, "बाबा, गार्डनच्या आधी इथे काय होतं?" बाप म्हणाला, "काही नव्हतं रे, नुसती दलदल."

मी बसलो होतो तिथून वीस पावलांवर माझ्या आजाचं तिसरं खाचर होतं. गावदेवीचा कळस आणि जुना पिंपळ एका रेषेत आले की आपलं शेत, ही खूण आत्याने मला लहानपणी दिली होती. कळस आता टॉवरच्या मागे गेला. पिंपळ आहे. त्याच्या सावलीत लोक योगासनं करतात.

मी उठलो आणि त्या पोराला सांगितलं, बाळा, इथे दलदल नव्हती, इथे भात होता. खाडीच्या कुशीत भात. त्याने लगेच विचारलं, खारट पाण्यात भात कसा येईल? बापही थांबला. पंधरा मिनिटं आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो.

नंतर उद्यान बघणाऱ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी रविवारी सात ते नऊ होल्डिंग पॉन्डच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावाच्या, बाजूचा कोपरा वापरायला दिला. एक टेबल, दोन खुर्च्या. फलक लावायचा नाही, झाडांना हात लावायचा नाही, एवढ्याच अटी. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. भाषण करणं माझं काम नाही. तीन महिने झाले, रविवारी बसतोय, आणि अडतोय. म्हणून इथे विचारतो.

ज्यांना खाजण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली भाताची जमीन. ठाण्याची खाडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा सुकते. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. काठावरची जमीन सपाट, काळी, चिकट. बांध नसेल तर प्रत्येक उधाणाला पाणी आत. आमच्या माणसांनी हातांनी बांध घातले. चिखल, दगड, पेंढा, फांद्या, जे मिळेल ते. बांधाला उघाडी ठेवली. उघाडी म्हणजे लाकडी झडप, वरच्या बाजूला बिजागरी. भरतीला बाहेरचं पाणी रेटतं आणि झडप आपोआप मिटते. सुकतीला आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर निघून जातं. मोटार नाही, राखण करणारा माणूस नाही. रात्री दोन वाजता भरती आली तरी झडप आपलं काम करते.

पण बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली तर मात्र गाव उठायचं. आत्या सांगते, पावसात, काळोखात, कंदील घेऊन बाया-पुरुष रांगेने उभे राहायचे आणि चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात जायचा. पाणी एकदा शेतात शिरलं तर त्या वर्षाचं पीक गेलंच, पुढच्या वर्षीही जमीन खारटच राहणार. त्यामुळे खांड कोणाच्या शेतासमोर पडली हे कोणी विचारत नसे.

जमिनी शहरासाठी गेल्या आणि बांध कोणी राखायचा हा प्रश्नच संपला. जिथे भराव झाला तिथे सेक्टर उभे राहिले. जिथे झाला नाही तिथे बांध फुटले, खाडी परत आत आली आणि तिवर, म्हणजे खारफुटी, उगवले. आमच्या गावाच्या पश्चिमेला लोक फ्लेमिंगोंचे फोटो काढतात. तिवरांच्या मधून एक सरळ उंचवटा जातो बघा. तो बांध आहे. माझ्या चुलतआजाच्या शेताचा. फ्लेमिंगो आले याचा मला आनंदच आहे. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, मला अभिमान वाटतो. पण पक्ष्याचं नाव सांगणारे खूप आहेत, बांधाचं नाव सांगणारं कोणी नाही.

माझ्याकडे वस्तू थोड्या आहेत. उघाडीची सागाची एक फळी, बिजागरीच्या भोकांसकट. आजाचं इरलं, अर्धं उसवलेलं. धान्य मापायची एक पायली, एक अधोली. फोटो एकही नाही, त्या काळात आमच्याकडे कॅमेरा कुठला? आणि आत्या आहे. वय चौऱ्याऐंशी, डोकं लख्ख.

मला विचारायचं आहे ते असं. लोक चालायला आलेले असतात, कानात हेडफोन असतो, दहा मिनिटांवर कोणी थांबत नाही. त्यांना काय दाखवू, कशापासून सुरुवात करू? आत्याला आणायचं मनात आहे, पण तिला टेबलामागे बसवून लोकांनी बघत जावं हे मला सहन होणार नाही. आणि जमिनी कशा गेल्या हे सांगायचं का? साहेबांनी मनाई केलेली नाही. माझीच जीभ अडते. समोर उभा असलेला माणूस त्याच सेक्टरात घर घेऊन राहतोय. त्याने काय चूक केली?

---

नौपाड्याची वाचक

दादा, तुमचं लिहिणं वाचून मला डिअर लॉज आठवलं. मुलगी अमेरिकेत मोंटाना राज्यात असते. दोन वर्षांपूर्वी तिने मला ग्रँट-कोर्स रँच नावाच्या ठिकाणी नेलं. गुरांचा जुना वाडा म्हणा, पण वाडा म्हणजे सोळाशे एकरांचा. १९७२ पासून तो तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. मी ठाण्यात चाळीस वर्षं ग्रंथालयात काम केलं, गुरांशी माझा संबंध गोठ्यातल्या दुधापुरता. तरी मी तिथे अख्खा दिवस रमले. का रमले ते सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे तिथे गुरं खरी आहेत. चरतात, शेण टाकतात, वास येतो. दाणकट घोडे आहेत. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापत असतं. गाडीवानांच्या चुलीवर पातेल्यात कॉफी उकळत होती, तिचा धूर माझ्या साडीला चिकटला. फलक वाचल्याचं मला आज काही आठवत नाही. धुराचा वास आठवतो. आणि तिथल्या माणसाने दोराचा फास माझ्या हातात दिला, त्याचं वजन आठवतं. तुम्ही टेबलावर ती उघाडीची फळी मांडून ठेवता का? लोकांच्या हातात द्या. आधी हातात द्या, मग विचारा, हे काय असेल? माणूस अंदाज करायला लागला की हेडफोन आपणच काढतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ते लोक मालकाचा उदो उदो करत नाहीत. जॉनी ग्रँटने ते घर बांधलं, त्याच्या बायका तिथल्या मूळ जमातींतल्या होत्या, हे सरळ सांगतात. १८६६ मध्ये त्याने ते कोनराड कोर्सला विकलं. कोर्स मूळचा जर्मन, धंद्याने खाटीक, सोन्याच्या खाणींवरच्या लोकांना मांस विकून वर आलेला. मोकळ्या माळावर त्याची गुरं चरत, कुंपण नाही, कोणाची परवानगी नाही. त्या माळावर आधी कोण राहत होतं हेही तिथे ऐकायला मिळतं. मग १८८६-८७ चा हिवाळा आला. बर्फाखाली गवत गाडलं गेलं आणि त्या सगळ्या मुलखात गुरं उभ्या उभ्या मेली. त्यानंतर मोकळ्या माळावरची गुरंपाळी संपत गेली. कुरणांना कुंपणं पडली, हिवाळ्यासाठी गवत कापून साठवायची रीत आली. आम्हाला सांगणारी मुलगी पंचविशीची होती. हा हिवाळ्याचा भाग सांगताना तिने आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. आमच्या गटातले सगळे गप्प झाले होते.

तुमच्या खांडीच्या रात्रीची गोष्ट तशीच आहे. सुरुवात तिथून करा. "इथे पूर्वी शेती होती" असं म्हणू नका. "तुम्ही उभे आहात तिथे एका रात्री पाणी शिरलं" इथून सुरू करा.

---

बांधावरचा

ताई, फळी हातात देण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ती प्लास्टिकच्या कागदावर ठेवून "हात लावू नका" असं सांगत होतो. तुमचं बरोबर आहे. आजाने ती साठ वर्षं चिखलात ठेवली, चार लोकांचे हात लागले म्हणून तिचं काय बिघडणार?

---

रहूवाला (पनवेल)

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. खारपट्ट्यातच नोकरी झाली, म्हणून जरा तांत्रिक लिहितो.

त्या पोराने विचारलेला प्रश्नच खरा प्रश्न आहे, खारट जमिनीत भात कसा? उत्तर पावसात आहे. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी वर येऊन उडून जातं आणि मीठ वर राहतं. मे महिन्यात खाजण पाहिलंत तर भेगा पडलेल्या असतात आणि वर पांढरी साय. जूनचा पाऊस ते मीठ विरघळवतो, खाली ढकलतो, उघाडीतून बाहेर काढतो. बांध घालून खाडी अडवली की पुढचं काम पाऊस करतो. शेतकऱ्याने वाट बघायची असते. घाई केली तर रोप जळतं.

म्हणूनच आपल्याकडे रहू पद्धत. बी रात्रभर भिजवायचं, पोत्यात दाबून ठेवायचं, मोड आला की चिखलात फेकायचं. ऊन लागलेल्या खारट मातीत कोरडं बी टाकलं तर उगवणीतच मार खातं, मोड आलेलं बी पुढे निघून जातं. वाण साधे नव्हते. काळा रत्ता, भुरा रत्ता, लाल तांदूळ, कुसं असलेले, उंच वाढणारे, उतारा कमी पण खाराला दाद न देणारे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यातून निवड करून काळा रत्ता १-२४, भुरा रत्ता ४-१० हे वाण दिले, आणि पुढे पनवेल १, २, ३ आले. शास्त्रात जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता (मीठ किती ते दाखवणारं माप) मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की तिला खारी म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मीटर लागत नसे, माती जिभेला लावून सांगायचे पेरा की थांबा.

आता तुमच्या कोपऱ्यासाठी. दोन गोष्टी करा. एक, माशांच्या टाकीच्या दुकानातून काचेची मोठी टाकी आणा. मधे मातीचा बांध, बांधात भोक, भोकाला खाडीच्या बाजूने वरून लटकणारी छोटी फळी. खाडीच्या बाजूला तांबडा रंग घातलेलं पाणी ओता, झडप मिटते. मग शेताच्या बाजूला साधं पाणी जास्त करा, झडप उघडते. ओतायचा मग मुलांच्या हातात द्या. दोन, जूनमध्ये पसरट टोपात रत्त्याचं रहू टाका. चार टोप पुरे, त्यातल्या एकात मुद्दाम मीठ जास्त ठेवा. बियाण्यासाठी केंद्रात जाऊन विचारा, शेतकऱ्यांच्या घरीही मिळेल.

एक इशारा. कितीही मोह झाला तरी खाडीच्या बाजूला, तिवरांत काही उकरू नका, बांध दाखवायला वाट करू नका. कायदा कडक आहे आणि तो असायलाच हवा. जे करायचं ते उद्यानाच्या आतच.

आणि हो, तुमच्या शेजारचा होल्डिंग पॉन्ड हीच सर्वात मोठी उघाडी आहे! नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. पावसाचं पाणी या तलावांत साठतं, खाडीच्या तोंडाला एकतर्फी झडपा आहेत. भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. डच पद्धत म्हणून सांगतात, आणि आहेही ती डच. पण तुमच्या आजाला ती समजावून सांगावी लागली नसती.

---

धवलारणीची नात (घणसोली)

काका, आत्याबद्दल लिहिते, कारण हे माझ्या आजीबरोबर झालंय.

आजी धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायची. गावातलं लग्न तिच्याशिवाय लागत नसे. एका कार्यक्रमात तिला बोलावलं, हिरवी साडी नेसायला लावली, गजरा माळला, माइकसमोर उभं केलं आणि दोन मिनिटं झाल्यावर "धन्यवाद आजी" म्हणून खाली उतरवलं. धवला दोन मिनिटांत होत नाही. तो हळदीपासून सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. घरी आल्यावर ती म्हणाली, "मना कोनी आयकलाच नाय." त्यानंतर ती बाहेर कुठे गायली नाही.

म्हणून सांगते. आत्याला टेबलामागे बसवू नका, तिच्या हाताला काम द्या. सुकट निवडू दे, तांदूळ पाखडू दे. काम करणाऱ्या बाईजवळ माणूस आपणहून बसतो आणि बोलतो, उगाच बसलेल्या म्हातारीचा फोटो काढून निघून जातो. तिचं बोलणं शुद्ध मराठीत करून सांगू नका. "पानी", "बांद", "आयली", "गेलू" हे लोकांना कळतं, नाही कळलं तर विचारतील. विचारू दे. कंटाळली की घरी. आणि ती बोलेल ते मोबाइलवर जपून ठेवा, पूर्ण, न कापता.

अजून एक. तुमच्या पोस्टमध्ये आजा आहे, चुलतआजा आहे. चिखलात लावणी कोणी केली? मिठागरात मिठाची टोपली डोक्यावर कोणी वाहिली? माझी पणजी खाडीपलीकडे मिठावर जायची. जानेवारी ते मे, पाऊस येईपर्यंत. खाडीचं पाणी उधाणाला आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत तापवायचं, शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची, तेव्हा कुठे पांढरं मीठ बसतं. खारट पाण्याने टाचांना भेगा पडायच्या, रात्री त्यांत मेण भरायची. आपल्याला आगरी म्हणतात ते या आगरावरून. भात सांगाल तर मीठही सांगा, आणि बायांचे पाय सांगा.

---

बांधावरचा

पोरी, चूक झाली. आत्याला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बराबर बोलते ती. बांदावं बापये, पन खाचरान आमीच."

---

सेक्टरकर (नेरुळ)

मी मूळचा साताऱ्याचा. १९९८ मध्ये इथे फ्लॅट घेतला. मूळ पोस्टमधल्या "दलदल" म्हणणाऱ्या बापाच्या जागी मीही असू शकलो असतो, मी माझ्या मुलीला हेच सांगितलं होतं. मुद्दाम नाही. आम्हाला कोणी दुसरं सांगितलंच नाही. दलालाने नकाशा दाखवला, त्यावर सेक्टर होते, गाव नव्हतं.

तुम्ही विचारलंत जमिनीचं सांगायचं का. माझ्या गावची आमची दीड एकर धरणात गेली आहे. त्या धरणावर सुट्टीला लोक येतात, बोटीत बसतात, मजा करतात. त्यांच्यातल्या एकाने जरी विचारलं असतं की या पाण्याखाली काय आहे, तर माझ्या वडिलांनी त्याला जेवू घातलं असतं. त्यामुळे सांगा. आम्हाला अपराधी वाटेल म्हणून गप्प राहू नका. थोडं वाटेल. वाटू दे. वाटलं की माणूस दुसऱ्या रविवारी परत येतो.

---

जासईकडचा

सांगायलाच पाहिजे. पण रागाने नको, तारखेने सांगा.

१९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंचाण्णव गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. भाताची शेतं, खाजणं, मिठागरं. योग्य मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा मागण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. आज साडेबारा टक्के योजनेचा भूखंड (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला परत मिळणारा विकसित वाटा) म्हणून जो शब्द दलालांच्या तोंडी आहे, त्याच्यामागे ती माणसं आहेत. माझे वडील तिथे होते. दरवर्षी जानेवारीत आम्ही हुतात्म्यांना वंदन करायला जातो.

दोन मिनिटांत सांगून होतं. त्यात कोणाला शिवी नाही, कोणावर बोट नाही. नौपाड्याच्या ताईंनी त्या मुलीचं सांगितलं ना, आवाज चढवायचा नाही, पाडायचाही नाही. तसंच.

---

बांधावरचा

मंडळी, कालचा रविवार झाला. सविस्तर लिहितो, कारण तुमचं देणं आहे.

काचेची टाकी केली. पुतण्याने सिलिकॉनने बिजागरी बसवली, ती दोनदा गळाली, तिसऱ्यांदा बसली. टाकी आणि फळी घेऊन पावणेसातला पोचलो. आत्याला रिक्षाने आणलं. तिने सूप आणि किलोभर लाल तांदूळ घरून घेतला होता, मी सांगितलं नव्हतं. पिंपळाखाली चटईवर बसली आणि पाखडायला लागली.

एक गोष्ट तुमच्यापैकी कोणी सुचवली नव्हती, ती आत्याची. भरतीची वेळ. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. काल दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साधारण साडेसातला पूर्ण भरती. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. जे थांबले त्यांना मी कालनिर्णय दाखवून हिशेब करायला लावला. एक कॉलेजची मुलगी फोनवर भरतीचं कोष्टक काढून पडताळायला लागली. दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला. ती म्हणाली, "आजी, हे ॲपशिवाय?" आत्या म्हणाली, "चांद हाय ना वर."

साडेसातला सगळ्यांना घेऊन होल्डिंग पॉन्डच्या खाडीकडच्या कठड्याशी गेलो. नऊ-दहा माणसं होती, दोन लहान मुलं. दशमीची भरती, पाणी फार उंच नव्हतं, पण झडप मिटायला तेवढं पुरलं. बाहेर पाणी वर, आत खाली, मधे मिटलेली झडप. मी फळी एका गृहस्थांच्या हातात दिली आणि म्हणालो, हीच, फक्त लाकडाची. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ कोणाला दिली नाही. ते रोज इथे चालतात, अकरा वर्षं. तलावाचं ते झडपेचं तोंड कशाचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मग खांडीची रात्र सांगितली. नौपाड्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिथूनच सुरुवात केली. मी सांगत होतो तोच मागून आत्या बोलायला लागली. ती चटईवरून उठून काठी टेकत आमच्या मागे आली होती. तिने जे सांगितलं ते मीही आधी ऐकलं नव्हतं. अशाच एका खांडीच्या रात्री माझी आजी आठव्या महिन्यात होती आणि रांगेत उभी होती. शेजारणीने तिला मागे ओढलं, तर ती म्हणाली होती, एक हात कमी झाला तर गोळा पडंल. नंतर जन्मलेलं ते पोर म्हणजे माझे वडील. सत्तर वर्षं जगले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं की नाही, आता विचारायला ते नाहीत.

त्यानंतर मला बोलता येईना. सेक्टरकर तुम्ही आला होतात, तुम्हीच पुढे होऊन मुलांना टाकीकडे नेलंत. ओळख नंतर दिलीत. उपकार विसरणार नाही.

जमिनीचं सांगितलं. जासईच्या भावाने लिहिलं होतं तसंच, तारखांसकट, दोन मिनिटं. एक बाई म्हणाल्या, आम्हाला हे शाळेत नव्हतं. एक गृहस्थ काही न बोलता निघून गेले. वाईट वाटलं, पण त्यांचाही हक्क आहे.

घणसोलीच्या पोरी, आत्याचं बोलणं पूर्ण टिपलंय, एक तास बारा मिनिटं. मधे रिक्षाचे हॉर्न आहेत, कापले नाहीत. मिठाचं पुढच्या रविवारी, तू येशील तर पणजीचं तूच सांग. तुझ्या आजीलाही विचार. माइक नाही, घड्याळ नाही. पहाटेपर्यंत बसायची परवानगी साहेब देणार नाहीत, पण नऊपर्यंत आमचा कोपरा तिचाच.

रहूवाले साहेब, भुऱ्या रत्त्याचं बी आत्याच्या सासरकडून मिळालं, पाच किलो. चार टोप घेतलेत. माती गावाजवळच्या एका पडीक तुकड्यावरून, मालकाला विचारून आणली. वर पांढरी साय आहे, तुम्ही म्हणालात तशी. आत्याने चिमूट जिभेला लावली आणि थुंकून टाकली. "दोन पाऊस जाऊ दे," म्हणाली.